दोन्ही जबड्यांना ब्रेसेस, आणि हॉकी-बास्केटबॉल चालू ठेवायचं आहे – माउथगार्ड कोणता घ्यावा?

हॉकीपालक

मुलगी ११ वर्षांची. वर-खाली दोन्हीकडे धातूचे स्थिर ब्रेसेस आहेत, उपचार अजून साधारण दीड वर्ष चालतील. वरचा डावा सुळा अर्धाच बाहेर आलाय. वरच्या हुकापासून खालच्या दाढेपर्यंत रबरं लावायची आहेत, जेवण सोडून दिवसभर. आठवड्यातून तीन दिवस हॉकी, दोन दिवस बास्केटबॉल, सुट्टीत पोहणं.

खेळ बंद करायचा नाही. म्हणून हे प्रश्न:

१. गरम पाण्यात मऊ करून चावायचा तयार माउथगार्ड ब्रेसेसवर चालतो का?
२. माप देऊन करून घेतला तर दात सरकल्यावर तो वाया जाणार नाही का?
३. खेळताना रबरं ठेवायची की काढायची?
४. मैदानावर तार टोचली, ब्रॅकेट (दाताला चिकटवलेला, तार धरणारा छोटा तुकडा) सुटलं किंवा दातच निखळला, तर दवाखाना गाठेपर्यंत नेमकं काय करायचं?

दंतकथा

पहिल्याचं उत्तर नाही. का नाही ते कळलं की पुढची निवड सोपी होते.

गरम पाण्यातला गार्ड ईव्हीए नावाच्या प्लास्टिकचा असतो. तापला की मऊ पडतो, चावला की दातांचा आकार घेतो आणि गार होताना त्याच आकारात घट्ट होतो. उघड्या दातांवर हाच त्याचा गुण. ब्रेसेस असतील तर तेच मऊ प्लास्टिक तारेखाली आणि ब्रॅकेटच्या पंखांमागे शिरतं आणि तिथेच आवळून बसतं. मग काढताना गार्ड तरी फाटतो, नाहीतर ब्रॅकेट उपटून हातात येतं. दुसरा तोटा लगेच दिसत नाही. गार्डने दातांच्या आजच्या जागेचा साचा घेतलेला असतो आणि तार त्यांना तिथून हलवत असते. काही आठवड्यांत तो कुठे दाबतो, कुठे बसतच नाही.

थोडक्यात, ब्रेसेसवरचा गार्ड दातांना पकडणारा नको, ब्रॅकेटवरून सरकून जाणारा हवा. असे दोनच पर्याय आहेत.

ब्रेसेससाठीच बनवलेला सिलिकॉनचा तयार गार्ड: याच्या समोरच्या बाजूला ब्रॅकेट मावेल एवढी रुंद खाच असते. सिलिकॉन उकळत्या पाण्यातही मऊ पडत नाही, त्यामुळे ते ब्रॅकेटमध्ये घुसत नाही. साचाच घेत नसल्याने दात सरकले तरी तोच गार्ड चालतो. कमीपणा पकडीत आहे. दात मिटलेले असतील तोवर जागेवर राहतो, तोंड उघडून धाप टाकली की खाली यायला बघतो.

दंतवैद्याकडून बनवून घेतलेला: ठसा किंवा स्कॅन घेऊन दातांची प्रतिकृती करतात. त्या प्रतिकृतीवरची ब्रॅकेट्स आणि तार मेणाने किंवा प्लास्टरने झाकून टाकतात, आणि मग त्यावर ईव्हीएची तापवलेली शीट ओढतात. झाकल्यामुळे आतून मोकळी वाट राहते. हिरडीच्या कडेला मात्र गार्ड नीट टेकतो, म्हणून पडत नाही. जाडी समोरून साधारण ३ मि.मी. आणि चावण्याच्या भागावर २ ते ३ मि.मी. हवी. इथे एक गोष्ट विचाराच: शीट एकच थर आहे की दोन? तापवून ओढलेली शीट दातांच्या कडांवर बरीच पातळ होते, आणि मार नेमका तिथेच लागतो. हॉकीसाठी दोन थर दाबून चिकटवलेला मागा.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल: वाया जातो, पण चांगला बनवणारा त्याचं आयुष्य वाढवू शकतो. दात कुठल्या दिशेला जाणार हे ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे ब्रेसेस लावणाऱ्या दंतवैद्याला, माहीत असतं. प्रतिकृतीवर त्या बाजूला थोडं जास्त झाकलं की दाताला सरकायला जागा मिळते. तुमच्या मुलीचा सुळा अर्धा बाहेर आहे, तिथे ही मोकळी जागा लागेलच. तरीही उपचाराच्या पहिल्या काही महिन्यांत, म्हणजे वेडेवाकडे दात झपाट्याने रांगेत येत असताना, महागातला गार्ड करून घेण्यात अर्थ नाही. तेव्हा सिलिकॉनचा वापरा. मोठी हालचाल संपली की बनवून घ्या.

प्रत्येक भेटीला गार्ड बरोबर न्यायचा. तार बदलल्यावर तिथल्या तिथे घालून बघायचा.

निळीबॅट

ब्रॅकेटवर मेणाची जाड पट्टी दाबून बसवायची आणि त्यावर गरम पाण्यातला गार्ड चावायचा, असं बरेच जण करतात. मेणामुळे प्लास्टिक आत जात नाही आणि बनवून घेण्याचा खर्चही वाचतो. यात काय वाईट?

दंतकथा

तुम्ही म्हणता तेच झाकण्याचं काम प्रतिकृतीवर होतं. तोंडात ते जमत नाही. ब्रेसेसचं मेण बोटांच्या उबेनेच मऊ होतं. त्यावर पाण्यातून काढलेला गार्ड दाबला की मेण पसरतं, काही गार्डला चिकटतं, काही तारेखाली ढकललं जातं, आणि जिथून ते सरकलं तिथे प्लास्टिक ब्रॅकेटला भिडतं. वरून घट्ट बसल्यासारखं वाटतं. फसगत कळते ती गार्ड ओढताना. शिवाय मुलं जोरात चावतात. मग चावण्याचा भाग कागदासारखा पातळ होतो आणि मार शोषायला काही उरत नाही.

काही गरम पाण्यातल्या गार्डच्या वेष्टनावर ‘ब्रेसेससाठी’ असं छापलेलं असतं. त्यांची खाच रुंद असते हे खरं. पण घ्यायच्या आधी आपल्या ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवा. अर्धवट उगवलेल्या दातावर तर तोंडात चावून साचा घेणारं काहीच नको.

शिट्टीवाला

मैदानावरच्या बाजूने काही गोष्टी.

खालच्या दातांना ब्रेसेस असतील तर फक्त वरचा गार्ड घालून काम अर्धंच होतं. वरचे समोरचे दात सगळ्यात जास्त वेळा मार खातात, म्हणून बहुतेक गार्ड वरचेच असतात. पण चेंडू किंवा कोपर खालच्या ओठावर बसलं की ओठ आणि खालची ब्रॅकेट्स यांच्यात काहीच नसतं, आणि ओठ आतून किसला जातो. काही सिलिकॉन गार्डना खालची ब्रॅकेट्स झाकणारी पाळी असते. दोन्ही जबडे एकत्र झाकणारेही मिळतात, पण त्यांत तोंडाने श्वास घ्यायला त्रास होतो. बास्केटबॉलसारख्या सतत पळण्याच्या खेळात मुलं ते दहा मिनिटांत काढून मोज्यात खोचतात. न घातलेल्या चांगल्या गार्डपेक्षा घातलेला साधा गार्ड बरा, असं माझं मत.

सवय सामन्यात लावू नका. घरी गृहपाठ करताना १०-१५ मिनिटं, मग बोलायला लावा, मग दोरीवरच्या उड्या. तीन-चार दिवसांत लाळ सुटणं आणि उमासा येणं कमी होतं. तरीही उमासा येत असेल तर मागचं टोक लांब आहे. साधारण पहिली मोठी दाढ झाकली की पुरे. बनवून घेतलेला गार्ड दंतवैद्याकडूनच कापून घ्या. घरी कात्री लावली की कड धारदार राहते आणि गालाला घासते.

काढण्याची पद्धतही शिकवा. समोरून ओढायचा नाही. दोन्ही बाजूंना दाढांपाशी बोटं घालून आधी मागून खाली सरकवायचा, मग पुढचा भाग सोडायचा. समोरून हिसका दिला की गार्ड आणि तार एकमेकांत अडकतात.

आणि सरावातही घालायचा. सरावात पंच नसतो, मुलं दमलेली असतात, एकाच वेळी चार चेंडू फिरत असतात.

गार्ड चघळणारी मुलं हमखास दिसतात. चघळल्याने तो कडेने फाटतो आणि ब्रॅकेटवर विनाकारण जोर येतो. दातांचे खोल ठसे किंवा चीर दिसली की बदला. भडक रंगाचा घ्या. हिरवळीवर पडला तर सापडतो, आणि घातलाय की नाही हे लांबून कळतं.

हॉकीत गोलरक्षक असेल तर जाळीचं हेल्मेट आलंच, पण जाळीमागेही गार्ड लागतो. हनुवटीवर मार बसला की दात एकमेकांवर आपटतात, तिथे जाळीचा उपयोग नाही. एक गैरसमज मात्र नको: माउथगार्ड दात, ओठ आणि जबड्यासाठी आहे. डोक्याला बसणाऱ्या धक्क्यापासून तो वाचवतो असं धरून चालू नका.

हॉकीपालक

दोघांचेही आभार. रबरांचं राहिलं. आणि तिच्या वर्गातल्या एकाला काढता येणारी उपकरणं आहेत, त्याच्या पालकांनीही विचारलंय.

दंतकथा

रबरं: गार्ड घालायच्या आधी काढायची. तोंड उघडं ठेवून पळताना ती ताणली जातात, तुटतात, आणि तुटलेलं रबर गार्डच्या आत फिरत राहतं. खेळ संपल्यावर नवीन जोडी लावायची, जुनी ताणलेली नाही. तास-दोन तासांच्या खंडाने उपचार बिघडत नाहीत, पण खेळानंतर लावायला विसरलं तर बिघडतात. म्हणून रबरांची पुडी गार्डच्या डबीतच ठेवा. तुमच्या ऑर्थोडॉन्टिस्टने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

अलाइनर (दात सरकवणारं पारदर्शक प्लास्टिकचं कवच) किंवा काढता येणारी प्लेट: धक्का बसणाऱ्या खेळात काढून ठेवायची. अलाइनर पातळ असतो, तो माउथगार्डचं काम करत नाही. दिवसाचे २० ते २२ तास तो तोंडात राहावा लागतो, म्हणजे जेवणं, ब्रश आणि खेळ मिळून दोन ते चार तासच हातात. स्पर्धेच्या दिवशी हे गणित चुकतं, तेव्हा दोन सामन्यांच्या मधल्या मोठ्या सुट्टीत परत घालायचा. रुमालात किंवा खिशात गुंडाळून ठेवलेला अलाइनर हरवतो किंवा कोणीतरी त्यावर बसतं. कडक डबी हवी.

डोक्यामागून पट्टा असलेलं हेडगियर घालून खेळायचंच नाही, घरातल्या मस्तीतसुद्धा नाही. तोंडातली वक्राकार तार ओढली जाऊन उलट उसळली तर डोळ्याला इजा होऊ शकते. टाळू रुंद करायचा स्क्रू बसवलेला असेल तर तयार गार्ड बहुधा बसत नाही, तिथे बनवूनच घ्यावा लागतो.

अजून एक. तार घट्ट केल्यानंतर दुखणं साधारण दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि पुढच्या काही दिवसांत उतरत जातं. तेव्हा गार्ड टोचतो म्हणून मुलं तो काढतात. भेटीची तारीख सामन्याच्या आदल्या दिवशी घेऊ नका, तीन-चार दिवस आधी किंवा सामन्यानंतर घ्या.

पांढरीपेटी

चौथा प्रश्न कोणीच घेतला नाही, आणि सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतात. मैदानावरच्या प्रथमोपचाराच्या क्रमाने सांगतो.

आधी डोकं, मग दात. तोंडावर मार बसल्यावर बेशुद्धी, उलटी, गोंधळल्यासारखं बोलणं, वाढत जाणारी डोकेदुखी, जबडा नीट मिटत नाही – यांतलं काहीही असेल तर थेट रुग्णालय. ब्रॅकेटचा किंवा दाताचा तुकडा सापडत नाही आणि मूल खोकतंय, शिट्टीसारखा श्वास येतोय, तरीही तेच. तो तुकडा श्वासनलिकेत गेलेला असू शकतो.

ओठ फाटला: स्वच्छ कापडाने सलग १० मिनिटं दाबून धरा. दर मिनिटाला उचलून बघू नका, त्याने धरलेलं रक्त पुन्हा सुटतं. बाहेरून कापडात गुंडाळलेला बर्फ लावा. ओठ ब्रॅकेटमध्ये अडकून बसला असेल तर हिसडून काढायचा नाही. भरपूर पाण्याने ओला करा आणि ज्या दिशेने अडकलाय त्याच्या उलट हळूच सरकवा. नाही सुटला तर तसाच दवाखान्यात न्या. जखम ओठाच्या कडेची रेषा ओलांडून त्वचेवर गेली असेल, जखमेचं तोंड उघडं राहत असेल, किंवा दाबूनही रक्त थांबत नसेल तर टाके लागतील.

तार टोचतेय: पेन्सिलीच्या खोडरबराच्या स्वच्छ टोकाने किंवा कापसाच्या काडीने तार दाताच्या बाजूला वळवून बघा. नाही वळली तर मेण. मेण टिकत नाही अशी तक्रार असते, त्याचं कारण बहुतेक वेळा ओलं ब्रॅकेट. आधी कापसाने किंवा टिश्यूने ते कोरडं करा, वाटाण्याएवढा गोळा बोटांत १०-१२ वेळा फिरवून मऊ करा आणि टोकावर दाबून थोडा चपटा करा. गिळलं गेलं तरी घाबरायचं कारण नाही. तार कापणं शेवटचा उपाय. कापायचीच वेळ आली तर टोकामागे गॉज धरा, नाहीतर तुटलेला तुकडा घशाकडे जातो.

ब्रॅकेट सुटलं: बहुतेक वेळा ते तारेवरच लटकत असतं. ओढून काढू नका. मेणाने शेजारच्या दाताला टेकवून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी फोन करा. त्या दिवशीचा खेळ मात्र थांबवा. पूर्ण निघून आलं तर डबीत ठेवून न्या.

दात हलतोय किंवा आत-बाहेर सरकलाय: त्याच दिवशी दंतवैद्य. ब्रेसेसची तार त्याला धरून ठेवते, त्यामुळे दिसायला तो ठीक वाटतो. आत मुळाला किंवा हाडाला काय झालंय ते एक्स-रेशिवाय कळत नाही. मार बसलेला दात काही आठवड्यांनीही करडा पडू शकतो, म्हणून पुढच्या तपासण्या चुकवू नका.

आणि पूर्ण निखळलेला दात. कायमचा असेल तर घड्याळाकडे बघून काम करा:

पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला बोट लावू नका. मुळावरच्या पातळ पेशी जिवंत राहिल्या तरच दात परत नीट धरतो. माती असेल तर दूध, सलाईन किंवा मुलाच्याच लाळेने हलकेच धुवा. घासायचं नाही, साबण नाही, कापडाने पुसायचं नाही. मग तो खाचेत परत बसवा, वरचा दात असेल तर पांढरा भाग खाली, खालचा असेल तर वर, आणि गुळगुळीत बाजू ओठाकडे, आणि रुमाल चावायला द्या. मूल बसवू देत नसेल तर थंड दुधात ठेवा. दूध नसेल तर मुलाची लाळ एका डबीत घेऊन त्यात ठेवा, किंवा सलाईन. साधं पाणी चांगलं नाही, पण कोरडा ठेवण्यापेक्षा पाणी परवडलं. कोरड्या हवेत तासभर गेला की मुळावरच्या पेशी जवळजवळ संपतात. त्यामुळे आधी घरी फोन, मग कपडे बदलणं, मग दवाखाना असं करू नका.

दात निखळूनही ब्रॅकेटमुळे तारेला लटकत असेल तर तारेपासून तोडू नका. तसाच खाचेत ढकलून बघा. नाही जमलं तर ओला ठेवा आणि निघा.

दुधाचा दात पडला तर परत बसवायचा नाही. खालून येणाऱ्या कायमच्या दाताला इजा होते. ११ व्या वर्षी एखादी दुधाची दाढ उरलेली असते, पण समोरचे चारही दात कायमचे असतात, म्हणून समोरच्यांच्या बाबतीत विचार करण्यात वेळ घालवू नका.

थैलीत काय असावं: मेण, छोटा आरसा, चिमटा, गॉज, सलाईनची बाटली, झाकणाची स्वच्छ डबी, जास्तीचा सिलिकॉन गार्ड, दातांमधला छोटा ब्रश, ऑर्थोडॉन्टिस्टचा नंबर कागदावर. फोन लॉक असतो, कागद नसतो.

हॉकीपालक

हे छापून प्रशिक्षकांना देतो. शेवटचे दोन: गार्ड धुवायचा कसा, आणि पोहताना काही वेगळं? सरावात मुलं जी गोड एनर्जी पेयं पितात त्यांचं काय?

दंतकथा

धुणं: खेळ झाल्यावर थंड किंवा कोमट पाण्याखाली मऊ ब्रशने. ईव्हीएच्या गार्डला गरम पाणी लावलं तर आकार जातो, आणि उन्हात तापलेल्या गाडीत राहिला तरी जातो. पूर्ण वाळवून भोकं असलेल्या डबीत ठेवा, बंद डबीत ओला ठेवला की बुरशीचा वास येतो. गार्ड घालण्याआधी दातही घासलेले हवेत, नाहीतर अडकलेलं अन्न गार्डखाली दोन तास दाबून बसतं.

पोहणं: स्थिर ब्रेसेसना काही अडचण नाही, नुसतं पोहायला गार्ड लागत नाही. वॉटर पोलो असेल तर लागतो. काढता येणारं उपकरण मात्र काठावर डबीत ठेवा. पाण्यात उडी मारताना तोंडातून निसटलं तर तळाशी पारदर्शक प्लास्टिक दिसत नाही.

पेयांचं: ती आंबट आणि गोड दोन्ही असतात, आणि त्रास प्रमाणापेक्षा पिण्याच्या पद्धतीने जास्त होतो. दर दहा मिनिटांनी एक घोट म्हणजे दात सराव संपेपर्यंत आम्लात. त्यावर गार्ड चढवला की लाळ धुऊन काढायला पोहोचत नाही. ब्रॅकेटच्या कडेला खडूसारखे पांढरे डाग पडतात, ते चार आठवड्यांतही दिसू लागतात आणि ब्रेसेस निघाल्यावर तिथे चौकोनी चौकट राहते. तास-दीड तासाच्या सरावाला पाणी पुरतं. लांब सामन्यात द्यायचंच असेल तर मध्यंतरात एकदम द्या, वरून पाण्याने खळखळून चूळ भरायला लावा, आणि मग गार्ड. ब्रश लगेच नको, अर्ध्या तासाने. आम्लाने मऊ पडलेलं इनॅमल घासलं तर ते झिजतं.